व्हीलचेअर, वाकडी झालेली बोटं आणि सोलापूरचं ऊन : आईसाठी बाल्कनीतली बाग कशी मांडावी?

जुळे_सोलापूर_७ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आईसाठी विचारतेय. वय ६३, ऱ्ह्युमॅटॉइड संधिवात. बोटं वाकडी झाली आहेत, मूठ पूर्ण वळत नाही. गुडघे वाकत नाहीत. घरात वॉकर, जास्त वेळ बसायचं असेल तर व्हीलचेअर. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा आणि थोडं स्टिरॉइड चालू आहे.

घर पहिल्या मजल्यावर, वर गच्ची आणि गच्चीवर टाकी. गच्चीचा जिना तिला शक्य नाही. बाल्कनी १० बाय ४ फूट, पश्चिमेकडे तोंड. दार बाल्कनीच्या एका टोकाला आहे, त्यामुळे खुर्ची सरळ आत जाते, पण दाराला २ इंचांचा उंबरा आहे. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, मधल्या दिवसांत बोअरचं. बोअरच्या पाण्याने कुंड्यांवर पांढरा थर येतो.

तिला मेथी, कोथिंबीर, दोन-चार मिरच्या, तुळस आणि मोगरा हवा आहे. आणि हे सगळं स्वतः करायचं आहे, खुर्चीत बसून नुसतं बघायचं नाही. टेबल किती उंच करायचं, माती कोणती, पाणी कसं द्यायचं, हत्यारं कोणती? आणि ही औषधं चालू असताना मातीत, खतात हात घातला तर चालतो का?

---

कोन_आणि_पट्टी

आधी उंबरा. २ इंच चढायला २ फूट लांब उतार लागतो, म्हणजे एकास बारा. फळीचा तुकडा नुसता टेकवून ठेवू नका, चाक चढताना तो मागे सरकतो. १८ मिमी प्लायचा उतार करून खालून रबराची पट्टी चिकटवा, वरून वाळू टाकून ऑइलपेंट मारा. ओल्या चाकाला पकड मिळते.

व्हीलचेअर जागेवर वळवायला ५ फूट लागतात. बाल्कनी ४ फुटांची, तेव्हा आत वळायचा विचारच सोडा. सरळ आत जायचं, मागे घेत बाहेर यायचं. म्हणून टेबल बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला, आडवं. ४ फुटांत साडेतीन फुटांचं टेबल बसतं. कठड्याच्या बाजूने एकच रांग कुंड्यांची, १२ इंचांपेक्षा जाड नको. म्हणजे खुर्चीला ३ फूट मोकळे राहतात. भिंतीच्या बाजूला काहीही ठेवू नका, हात तिकडे घासतो.

आता उंची. इथे बहुतेकांचं चुकतं. बाजारातले तयार वाफे उभ्या माणसासाठी असतात. आईंना खुर्चीत बसवा, बूट-चप्पल जी रोज असते ती घालून, आणि जमिनीपासून मांडीच्या वरच्या भागापर्यंत मोजा. त्यात २ इंच मिळवा. बहुतेकांना हा आकडा २६-२७ इंच येतो. ही टेबलाखालची मोकळी उंची. त्यावर सरसकट ८ इंचांचा वाफा केला तर काठ ३५ इंचांवर जातो आणि खुर्चीतल्या माणसाचं कोपर असतं ३० इंचांच्या आसपास. खांदे उचलून काम करावं लागतं. संधिवाताच्या खांद्याला ते पंधरा मिनिटंही झेपत नाही.

उपाय म्हणजे पायरीचा वाफा. पुढचा १२ इंच रुंद भाग फक्त ४ इंच खोल, त्याखाली मांड्या जातात. मागचा १० इंच रुंद भाग १० इंच खोल, तो खाली उतरतो आणि त्याखाली पावलं राहतात. काठ दोन्हीकडे ३१ इंचांवर. पुढे मेथी-कोथिंबीर, मागे मिरच्या. पुढून मागे एकूण रुंदी २२ इंच, त्यापलीकडे बसून हात पोचत नाही. फूटरेस्टची लांबी मोजून घ्या, मागच्या भागाच्या तळापर्यंत जमिनीपासून २१ इंच मोकळे राहतात ना ते बघा.

सांगाडा १ इंची चौकोनी लोखंडी पाइपचा, पाय चार कोपऱ्यांतच, मधे आडवा पाइप नको. चाकं लावू नका. खुर्ची पुढे ओढताना माणूस टेबलालाच धरतो. मागचे दोन पाय भिंतीला क्लॅम्पने बांधा. पुढच्या काठावर लाकडी पट्टी हवीच, पश्चिमेच्या उन्हात लोखंडाला मनगट टेकवता येत नाही. आत जाड ताडपत्री, मागच्या खोल भागात दर ६ इंचांवर १० मिमीची भोकं. पुढच्या उथळ भागाला भोकं न पाडता त्याचा तळ मागे अर्धा इंच उतरता करा. पुढे भोकं पाडली की सगळं पाणी मांडीवर येतं.

हा वाफा साधारण १०० लिटरचा. काळी माती भरून भिजवली तर पावणेदोनशे किलो होते. कोकोपीटचं हलकं मिश्रण भरलं तर नव्वदच्या आसपास. टोकाला भिंत असेल तर वजन भिंतीला लागूनच राहू द्या, कठड्यावर काहीही टांगू नका. बाल्कनी पुढे काढलेली आणि जुनी असेल तर काम सुरू करण्याआधी बांधकामवाल्याला दाखवा.

---

हातोटी

हातांबद्दल लिहिते. संधिवातात जपायचे सांधे म्हणजे बोटांची मुळं आणि मनगट. चिमटीत जोराने धरणं, पिळणं, मनगट खाली मोडून उकरणं, ही तीन कामं बोटांना आणखी वाकडं करतात. म्हणून प्रत्येक काम बोटांकडून तळव्याकडे आणि तळव्याकडून कोपराकडे सरकवायचं.

मूठ वळत नसेल तर मूठ जाड करा. एसीच्या तांब्याच्या नळीवर जो काळा रबराचा फोम असतो, तो एसी दुरुस्तीवाल्याकडे फुटावर मिळतो. खुरप्याच्या, चमच्याच्या दांड्यावर चढवून साधारण ३० ते ३५ मिमी जाडी करा आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. ४० च्या वर गेलं की हात पुन्हा उघडा पडतो, तेव्हा आईंच्या हातात धरून बघतच जाडी ठरवा.

नेहमीचं खुरपं तिच्यासाठी चुकीचं आहे. ते धरलं की मनगट मोडतं. मूठ पात्याला काटकोनात हवी, म्हणजे मनगट सरळ राहतं आणि जोर दंडातून येतो. तयार मिळालं तर उत्तम, नाहीतर पीव्हीसीचा १ इंची टी (नळाचा तीन तोंडांचा जोड) घ्या, खुरप्याचं शेपूट टीच्या मधल्या तोंडात एपॉक्सी पुट्टीने बसवा, टीच्या आडव्या भागावर फोम. रात्रभर सुकू द्या. कोकोपीटच्या हलक्या मिश्रणात तर खुरपं फारसं लागतच नाही, जाड दांड्याची स्टीलची पळी पुरते. मिश्रण हलकं ठेवण्याचं निम्मं कारण हेच.

कात्रीची गोष्ट सोलापुरात सोपी आहे. शिलाईच्या कारखान्यांत धागे तोडायला जी छोटी स्प्रिंगची कात्री वापरतात, तिला बोटं घालायची कडी नसते. तळव्यात धरून नुसती दाबायची, ती आपोआप उघडते. मोगऱ्याच्या कळ्या, मिरच्या, मेथीच्या काड्या तिने छान कापता येतात. कळी चिमटीत खुडणं बंद. मोगऱ्याच्या जाड फांद्यांसाठी रॅचेटचा कटर घ्या, तो टप्प्याटप्प्याने कापतो, एकदम जोर लागत नाही.

बियांचं असं आहे की मेथी टपोरी असते, उथळ वाटीत घेऊन तळव्याने पसरता येते. चौरस फुटाला साधारण १० ग्रॅम, वर अर्धा इंच मिश्रण. धणे अख्खे पेरू नका, एका दाण्यात दोन बिया असतात. कापडी पिशवीत घालून लाटणं फिरवायचं, तळव्यांनी, दोन्ही हातांनी. चुरा नको, दोन फाकी झाल्या की पुरे. मग रात्रभर भिजवून पेरा. बारीक बिया असतील, उदाहरणार्थ माठ, तर दहापट कोरड्या वाळूत मिसळून मोठ्या भोकांच्या मिठाच्या डबीतून शिंपडा. मिरचीचं बी लावत बसू नका, रोपवाटिकेतून ४ इंच उंचीची रोपं आणा आणि मागच्या भागात फुटाफुटावर तीन लावा.

वेळ कोणती? आमच्याकडे सगळे सांगतात पहाटे. संधिवातात सकाळी सांधे धरलेले असतात, तासभर किंवा जास्तही. तेव्हा उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहानंतर आणि हिवाळ्यात साडेनऊ-दहाच्या सुमारास. पंधरा-वीस मिनिटं काम, मग हात मांडीवर ठेवून थांबायचं, आणि पुढचं काम वेगळ्या हालचालीचं घ्यायचं. ज्या दिवशी सांधे सुजून लाल, गरम असतील त्या दिवशी हत्यार हातात नको.

घरच्यांना एक विनंती. पोती उचला, पाणी भरा, मिश्रण कालवा, ते तुमचं काम. पण मेथी कधी काढायची, मोगरा कुठे छाटायचा, हे त्यांनी ठरवायचं आणि कात्री त्यांच्याच हातात राहू द्यायची. घाईत त्यांच्या आधी कळ्या तोडून देऊ नका.

---

ठिबक_आणि_टाकी

बागेची खरी परीक्षा आई आठ दिवस अंथरुणावर असतात तेव्हा होते. त्या दिवसांत घरातले सगळे त्यांच्या मागे असतात, कुंड्यांकडे कोण बघणार? म्हणून पाणी माणसावर अवलंबून ठेवू नका. गच्चीवर टाकी आहे, म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे.

टाकीच्या पाइपला टी टाकून अर्धा इंची नळी बाल्कनीत आणा. तोंडाशी जाळीचा फिल्टर, मग टायमर, मग १६ मिमीची ठिबक नळी. टाकीचं पाणी बाल्कनीपेक्षा ३ ते ४ मीटर उंच असेल तर दाब मिळतो ०.३ ते ०.४ किलो. ठिबकचं साहित्य १ किलो दाबावर मोजलेलं असतं, त्यामुळे दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर (दाब बदलला तरी सारखंच पाणी देणारी ठिबकची तोंडं) घेऊ नका, ते इतक्या कमी दाबावर नीट चालत नाहीत. साधे ताशी ४ लिटरचे घ्या, या दाबावर ते तासाला सव्वादोन-अडीच लिटर देतात. दोन, टायमर बॉल व्हॉल्व्हचा घ्या. सोलेनॉइडवाल्या (विजेच्या चुंबकाने उघडणाऱ्या) टायमरला उघडायला दाब लागतो, टाकीच्या पाण्यावर तो अडकतो आणि दोष बॅटरीला दिला जातो.

वाफ्याचं क्षेत्र साधारण ०.६ चौरस मीटर. मे महिन्यात रोज ५ लिटर धरा, डिसेंबरात २. सहा ड्रिपर लावले की तासाला १४ लिटर, म्हणजे मेमध्ये सकाळी १० मिनिटं आणि संध्याकाळी १०. एका ड्रिपरखाली बाटली ठेवून एकदा मोजा, कागदावरच्या हिशेबापेक्षा ते खरं. मोगऱ्याला १२ इंची कुंडी आणि वेगळे दोन ड्रिपर. तुळशीला एक.

नळीच्या सुरुवातीला लांब दांड्याचा पाव फेऱ्याचा कॉक बसवा, तोही कोपराच्या उंचीवर. गोल फिरवायची तोटी आईंना उघडता येणार नाही.

बोअरच्या पाण्याबद्दल. पांढरा थर म्हणजे क्षार. ठिबकची तोंडं दोन-तीन महिन्यांत बुजतात. ड्रिपर काढून रात्रभर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवा, लिटरला दोन चमचे. महिन्यातून एकदा नळाचं पाणी आलं की वाफ्यावर वरून भरपूर ओता, खालून बादलीभर निचरून गेलं पाहिजे, त्याशिवाय साठलेलं मीठ निघत नाही. आरओ मशीनचं टाकाऊ पाणी झाडांना घालायची पद्धत आहे. तुमच्याकडे ते मूळ बोअरपेक्षाही खारट असणार, त्याने फरशी पुसा. आणि घेवडा लावायचा मोह झाला तर टाळा, खाऱ्या पाण्याला तो फार हळवा. पालक बऱ्यापैकी सोसतो.

मिश्रण : कोकोपीट ५ भाग, गांडूळखत ३, पोयटा १, भाताचा तूस किंवा परलाइट १. कोकोपीटची ५ किलोची वीट भिजून ६५-७० लिटर होते. स्वस्तातल्या विटेत मीठ असतं, मोठ्या टबात दोनदा भिजवून पिळून पाणी फेकून द्या. काळी माती नकोच. वजन सोडलं तरी ती सुकली की आकसते, कडेने फट पडते आणि ठिबकचं पाणी मुळांना न भेटता फटीतून खाली जातं.

मोगऱ्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या मातीत आणि जड पाण्यात हे नेहमीचं. नुसतं हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकून फार उपयोग होत नाही, चुन्यात ते अडकतं. लिटरला ५ ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर लिंबूसत्त्व, संध्याकाळी पानांवर, आठवड्याच्या अंतराने दोनदा. किंवा ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह मुळाशी.

मार्च ते मध्य जूनपर्यंत पश्चिमेला ५० टक्क्यांची शेडनेट, गुंडाळता येईल अशी. वर अर्धा फूट फट ठेवा, गरम हवा तिथून जाते. मातीवर शेंगांची टरफलं पसरा, सोलापुरात त्यांना तोटा नाही, पाणी बरंच वाचतं.

---

गोळी_वेळेवर

वरचं सगळं चांगलं आहे, पण शेवटची ओळ या घरासाठी बदला. शेंगांची टरफलं ओलसर राहिली की बुरशी धरतात, आणि त्यात ॲस्परजिलस नावाची बुरशी येऊ शकते. मेथोट्रेक्सेट आणि स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती दबते, त्यामुळे अशा माणसाच्या फुफ्फुसांना तिचा धोका असतो. त्याऐवजी धुतलेले नारळाच्या सोडणाचे तुकडे किंवा गोणपाटाचा एक थर वापरा.

मातीत हात घालायला सरसकट बंदी नसते. तरी आधी त्यांच्या संधिवाताच्या डॉक्टरांना विचारा आणि विचारताना स्टिरॉइडचा डोस सांगा, कारण डोसाप्रमाणे उत्तर बदलतं. धोका कुठे आहे ते समजलं की काम वाटून घेता येतं.

सगळ्यात मोठा धोका धुळीचा आहे. खताचं पोतं उघडणं, कोरडं मिश्रण कालवणं, कंपोस्टचा डबा उलटणं. पोतं आईंपासून लांब, गच्चीवर, तोंड दुसरीकडे करून उघडा, आधी पाणी शिंपडा, मग कालवा, आणि भिजलेलं मिश्रणच खाली आणा. हे करताना तुम्हीही एन-९५ मास्क लावा. बंद पिशवीतल्या मिश्रणात लेजिओनेला जंतू असू शकतात, तेही श्वासातूनच जातात. स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचं कंपोस्ट करत असाल तर तो डबा बाल्कनीत नको. ताजं शेणखत तर मुळीच नको.

हातमोजे दोन. आत नायट्राइलचे, वर पातळ कापडी. स्टिरॉइडने कातडी पातळ होते, साध्या काडीनेही सोलते, म्हणून पूर्ण बाही. गवती चहाच्या पात्याची कड कापते, गुलाबाच्या काट्यातून बुरशीचा संसर्ग होतो, कण्हेर आणि शेराचा चीक वाईट. ही झाडं बाल्कनीत आणू नका. खरचटलं तर लगेच साबणाने धुऊन झाका, दोन दिवसांत लाली वाढली किंवा ताप आला तर डॉक्टर. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत झालं आहे का तेही बघा.

फवारणी दुसऱ्या कुणी करायची, आई आत असताना. मावा किंवा पिठ्या ढेकूण आला तर लिटरला ५ मिली नीमतेल आणि २ मिली द्रव साबण, संध्याकाळी. दुकानदार देईल ती शेतीची औषधं घरात आणू नका. लाल कोळी मार्चनंतर मिरचीवर येतोच, पानाखालून पाण्याचा बारीक फवारा दिला तरी बराच आटोक्यात राहतो.

मेथोट्रेक्सेट घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी पुष्कळांना मळमळ आणि थकवा असतो. तो दिवस बागेच्या वेळापत्रकातून आधीच वजा करा. काही जणांना या औषधाने ऊनही बाधतं. मेथी-कोथिंबीर कच्ची खायची असेल तर वाहत्या पाण्याखाली नीट धुऊनच.

---

अक्कलकोट_रोड

याच धाग्यात विचारतो. घरात डायलिसिसचा पेशंट आहे, डाव्या हातात फिस्चुला (डायलिसिसच्या सुईसाठी जोडलेली शीर). त्यांच्यासाठी यातलं काय बदलेल?

---

गोळी_वेळेवर

@अक्कलकोट_रोड, फिस्चुलाच्या हाताने पाण्याची बादली, कुंडी उचलायची नाही, त्या हाताला घट्ट बाही, पट्टा, घड्याळ नको, आणि काटेरी झाडाजवळ तो हात न्यायचा नाही. काम उजव्या हाताने, कुंडी सरकू नये म्हणून खाली रबराची जाळीदार चटई. गळ्यात कॅथेटर असेल तर ड्रेसिंगवर माती-पाणी उडेल असं कोणतंही काम नको. डायलिसिसच्या दिवशी रक्तदाब खाली जातो, त्या दिवशी विश्रांती.

पाणी मोजून प्यायचं असतं, म्हणून उन्हात घाम गाळून चालत नाही. कामाची वेळ संध्याकाळचीच. भाज्या लावण्याआधी आहारतज्ज्ञांना विचारा, पालक, टोमॅटो, शेवग्याचा पाला यांत पोटॅशियम भरपूर असतं. कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, किडनीच्या पेशंटच्या घरात झाडच नको. त्यातला विषारी घटक मूत्रपिंडं बाहेर टाकू शकत नाहीत आणि मेंदूवर परिणाम होतो. मोगरा, अबोली, शेवंती लावा.

---

जुळे_सोलापूर_७

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ता ऑक्टोबर चालू आहे. वाफा तयार व्हायला महिना तरी जाईल. तोपर्यंत काही लावता येईल का? आणि मोगऱ्याची छाटणी कधी?

---

ठिबक_आणि_टाकी

ऑक्टोबर-नोव्हेंबर मेथीला उत्तम. ४ इंच खोल प्लास्टिकचा ट्रे घ्या, तळाला भोकं, खाली दुसरा ट्रे, आणि खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून त्यावर ठेवा. १२ बाय १८ इंचांचा ट्रे भिजून १२-१३ किलो होतो, तेव्हा तो तुम्हीच ठेवायचा आणि उचलायचा. त्या ट्रेवर आईंना उंची, हत्यारं, वेळ सगळं पडताळून बघता येईल. फळीवर हात दुखला तर टेबलाचा काठ अर्धा-एक इंच खाली घ्यायला सांगा, वेल्डिंगच्या आधी ते सोपं आहे. मेथी २५ ते ३० दिवसांत काढणीला येते, उपटू नका, कात्रीने दीड इंच वर कापा, पुन्हा फुटते.

खालच्या ट्रेमध्ये पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास आठवडाभरात तयार होतो.

मोगरा आत्ता रोपवाटिकेतून आणा, डिसेंबरअखेरीस पाणी दहा-बारा दिवस अगदी कमी करा, जानेवारीत फांद्या जमिनीपासून फूटभर ठेवून छाटा, उरलेली पानं काढून टाका, मग मूठभर निंबोळी पेंड आणि पुन्हा नेहमीचं पाणी. पानं ओरबाडायची नाहीत, तीच धाग्याची कात्री.

---

कोन_आणि_पट्टी

आणि फॅब्रिकेटरला आकडे तोंडी सांगू नका. आई खुर्चीत बसलेल्या असतानाच त्याला मोजायला घरी बोलवा.